चाकांवरचें बिऱ्हाड

घर सोडल्याखेरीज प्रवास घडत नाहीं, अशी आपली जुनी समजूत आहे. काशीयात्रेला निघणारा मनुष्य पूर्वीं घरादाराची निरवानिरव करून, वडीलधाऱ्यांच्या पायां पडून मग उंबरठा ओलांडीत असे. आणि आजहि चार दिवसांकरितां बाहेर पडणारी गृहिणी दाराला कुलूप लावल्यावर तें दोनदां ओढून पाहिल्यावांचून जिना उतरत नाहीं. घर मागें राहतें म्हणून प्रवासाला गोडी, आणि घर मागें राहतें म्हणूनच त्याला थोडीशी हुरहूर. परंतु घरच बरोबर घेऊन निघण्याचीहि एक तऱ्हा आहे. ती विंचवाला ठाऊक आहे, गोगलगाईला ठाऊक आहे, आणि अलीकडे संपन्न देशांतील माणसांनाहि ती फार आवडूं लागली आहे.

हें वेड आमच्या पुण्याच्या घरांत शिरलें तें माझ्या पुतण्याच्या द्वारें. तो कॅलिफोर्नियांत नोकरीला असतो. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें बायकोमुलांसह अमेरिकेच्या पश्चिम भागांतील राष्ट्रीय उद्यानांची वारी केली, ती एका मोटारघरांत बसून. निजावयाच्या जागा, स्वयंपाकाची शेगडी, शीतकपाट, न्हाणीघर, सगळा संसार चाकांवर. प्रवासाआधीं तयार केलेला आराखडा त्यानें मला वाचावयास धाडला, आणि मीं तो एखादी कादंबरी वाचावी तसा जागून वाचून काढला. झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी अशीं नांवें. कोणत्या दिवशीं किती मैल, पाणी कोठें भरावयाचें, सांडपाणी कोठें सोडावयाचें, मुक्कामाची जागा कोणत्या तारखेस राखून ठेवावयाची, याची बारीक नोंद. कांहीं ठिकाणीं ही जागा सहा सहा महिने आधीं राखावी लागते म्हणे. येलोस्टोन हें त्या देशांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान १८७२ सालीं स्थापन झालें. तेथें मोटारींना असलेला मज्जाव १९१५ सालीं उठला, आणि त्यानंतर अंथरूण-पांघरूण गाडींत घालून रानांत जाऊन राहण्याची हौस त्या लोकांत वाढतच गेली.

आपल्याकडे असली गाडी कोठें मिळणार, असें म्हणून मी तें टिपण मिटून ठेवणार होतों. पण चौकशी करतां कळलें कीं, महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं 'कॅरॅव्हॅन पर्यटना'चें स्वतंत्र धोरणच जाहीर केलें आहे, आणि पुण्या-मुंबईकडे अशा गाड्या चालकासह भाड्यानें मिळूं शकतात. जेवतांना मी ही बातमी मुलांना सांगत होतों. आई समोर बसली होती. तिनें ऐंशी ओलांडली आहे, आणि जेवतांना ती सहसा बोलत नाहीं. तिनें हातांतला घास खालीं ठेवला.

"त्या गाडीत निजता येतं?"

"हो. चार माणसं निजतात."

"आणि कुठंही उभी करता येते?"

"जागेच्या मालकाची हरकत नसली म्हणजे झालं."

"मग मला माझ्या गावाला न्या," ती म्हणाली. "नव्या नव्हे. जुन्या गावाला."

आईचें माहेर धाराशिव जिल्ह्यांत, आज लोहारा तालुक्यांत मोडणाऱ्या एका लहानशा गांवीं. सरकारी कागदांत उस्मानाबाद हें नांव जाऊन त्या जागीं धाराशिव आलें तें २०२३ सालीं. आईच्या तोंडीं मात्र तें पहिल्यापासून धाराशिवच. १९९३ च्या सप्टेंबरची ३० तारीख. गणपतिविसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजावयास कांहीं मिनिटांचा अवकाश होता. तेव्हां किल्लारीच्या भूकंपानें लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें निजलेल्या माणसांसह भुईसपाट केलीं. त्या भागांतील जुनीं घरें दगडमातीचीं. भिंती दोन दोन, तीन तीन फूट रुंद, आणि वर लाकडाच्या तुळयांवर मातीचें जाड माळवद. वैशाखाच्या उन्हांत जें माळवद आईच्या मायेनें गारवा देई, त्याच माळवदाखालीं त्या रात्रीं हजारो जीव गाडले गेले. आईचा धाकटा भाऊ व भावजय त्यांत गेलीं. त्यांचा एकुलता मुलगा सोलापुरास वसतिगृहांत राहून शिकत होता, तो वांचला.

पुढें सुमारें ५० गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. सरळ रस्ते, आंखलेले भूखंड, सिमेंटचीं बसकीं घरें. माझ्या मामेभावाचें घरहि अशाच नव्या गांवांत आहे, आणि आई लग्नकार्याला तेथें जाते. जुनें गावठाण तेथून कोसभर. तेथें आतां दगडांचे ढीग, बाभळी, कडुनिंब, आणि एक विहीर. भावाच्या तेराव्याला आई त्या ढिगाऱ्यापुढें उभी राहिली होती. त्यानंतरच्या तीस-बत्तीस वर्षांत तिनें तिकडे पाऊल टाकलें नाहीं, कीं टाकावें असें कोणाला सुचविलें नाहीं. आतां तिला तेथें जावयाचें होतें, आणि तेंहि दिवसाउजेडीं उभ्याउभ्या पाहून परतण्याकरितां नव्हे. तिला तेथें एक रात्र काढावयाची होती. जेथें भिंत नाहीं, छप्पर नाहीं, तेथें ऐंशी वर्षांच्या बाईनें निजावयाचें तर घर बरोबरच नेलें पाहिजे. अमेरिकन पर्यटकांच्या सुखसोयीकरितां निघालेल्या या युक्तीचा असा कांहीं उपयोग असेल, हें माझ्या पुतण्याच्या आराखड्यांत कोठेंच नव्हतें.

असो. दुसऱ्या दिवशीं जेवणाच्या मेजावर नकाशा पसरला गेला, आणि वाचकहो, बेत आंखण्याच्या त्या आनंदांत आम्ही सगळींच कांहीं काळ मूळ कारण विसरलों. पुतण्याच्या आराखड्याचा कित्ता पुढें होता, पण त्यांतले आंकडे आमच्या उपयोगाचे नव्हते. येलोस्टोनचें क्षेत्र सुमारें ९,००० चौरस किलोमीटर. आमच्या वाटेवर येडशीचें रामलिंग घाट अभयारण्य आहे. १९९७ सालीं घोषित झालेल्या त्या अभयारण्याचें क्षेत्र बावीस-तेवीस चौरस किलोमीटर. तेथें अस्वलें नाहींत कीं गवे नाहींत. डोंगराच्या खोलगट कुशींत महादेवाचें देऊळ, भोंवतीं झाडी, आणि भाविकांच्या हातांतलें खोबरें पळविणारीं माकडें. आमच्या कन्येला हीं माकडें अस्वलांपेक्षां पसंत पडलीं. सोलापूरजवळचें नान्नज येथील माळढोक अभयारण्य १९७९ सालचें. पण माळढोक आतां तेथें दिसेलच असें छातीवर हात ठेवून सांगण्याजोगी स्थिति राहिलेली नाहीं. म्हणून काळवीट दिसले तरी पुष्कळ, असें म्हणून तें परतीच्या वाटेवर ठेवलें.

चिरंजीवांना किल्ले हवे होते. बार्शीहून थोडें आडवाटेला परांडा. अहमदनगर १६०० सालीं मोगलांच्या हातीं पडल्यावर निजामशाहीची गादी कांहीं काळ या परांड्यास होती. विजापूरची प्रसिद्ध 'मुलूख-मैदान' तोफ ही पूर्वीं येथेंच होती. १६३२ सालीं ती विजापूरास नेली. तिचें वजन सुमारें ५५ टन सांगतात. "एवढी तोफ जर त्या रस्त्यानं गेली, तर आपली गाडी जाईलच," असा चिरंजीवांचा युक्तिवाद. त्यावर पत्नीनें विचारलें, "त्या तोफेत न्हाणीघर होतं का?" कारण गाडी बघून आल्यापासून तिचें सारें लक्ष त्या न्हाणीघराच्या अरुंद दारावर होतें. आईला त्यांतून जातां येईल कीं नाहीं, एवढाच तिचा प्रश्न होता. आणि खरें सांगावयाचें तर आमच्या साऱ्या इतिहास-भूगोलापेक्षां तो अधिक महत्त्वाचा होता.

माझा स्वतःचा हट्ट तेरचा. तेरणेच्या कांठचें हें गांव संत गोरोबाकाकांचें म्हणून आपण ओळखतों. पण प्राचीन तगर तें हेंच, असा निर्णय फ्लीट या पंडितानें १९०१ सालीं मांडला व तो पुढें मान्य झाला. तेथील त्रिविक्रमाचें विटांचें मंदिर मुळांत बौद्ध चैत्याच्या घडणीचें आहे. तेथील वस्तुसंग्रहालयांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. इटलींत पाँपेई येथें १९३८ सालीं अशाच घाटणीची मूर्ति सांपडली. हा दूरचा संबंध कसा जुळला, याचें उत्तर पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत मिळतें. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें नगर आहे, तेथलें कापड गाड्यांत भरून बिनरस्त्याच्या मोठमोठ्या प्रदेशांतून भडोचच्या बंदराकडे जातें, असें तो नांव न सांगणारा व्यापारी लिहून गेला आहे. म्हणजे ज्या मुलखांत चाकांवर संसार घालून जाण्याचा बेत आम्ही नवीन म्हणून करीत होतों, तेथें गाडींत शिधा घालून, गाडीखालीं निजून, महिना महिना वाटचाल करणारे लोक दोन हजार वर्षांपूर्वीं होते. नवीन काय तें शीतकपाट!

हें मीं मोठ्या अभिमानानें आईला सांगितलें. तिला त्याचें कांहींच नवल वाटलें नाहीं. तिच्या लहानपणीं गांवाहून तुळजापूरला जावयाचें म्हणजे दोन रात्रींचा प्रवास असे. छकड्याला तट्ट्या बांधावयाचा, आंत कडबा पसरून वर वाकळ, मागें घागर, पुढें कंदील. पहिला मुक्काम कोणाच्या तरी मळ्यांत. तीन दगडांची चूल, पिठलें नि भाकरी. सकाळच्या वाटेला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. बायकामुलें गाडींत, पुरुष गाडीखालीं. "आणि मळेवाल्याला काय देत होता?" असें माझ्या मुलीनें विचारलें. "देतात काय?" आई म्हणाली, "तोच आम्हाला ताक आणून द्यायचा. परतताना अंगारा नि प्रसाद द्यायचा त्याला." पुतण्याच्या आराखड्यांत प्रत्येक मुक्कामाच्या जागेचें एका रात्रीचें भाडें लिहिलेलें होतें. आईच्या जुन्या वाटेवर त्या रकान्यांत अंगारा लिहावा लागला असता.

मग ऋतूचा वाद निघाला. चिरंजीवांना पावसाळाच पाहिजे होता, आणि तो कां हें नळदुर्ग पाहिलेल्याला सांगावयास नको. बोरी नदीला किल्ल्याच्या दोन भागांमध्यें जो बंधारा घातला आहे, त्याच्या पोटांत इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या कारकीर्दींतला पाणीमहाल आहे. नदीला पूर आला कीं पाणी बंधाऱ्यावरून 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांतून कोसळतें, आणि महालांत उभा असलेला मनुष्य कोरड्या अंगानें तो पडदा आंतून पाहतो. १८५३ नंतर कांहीं वर्षें या जिल्ह्याचा कारभार पाहणारा मेडोज टेलर हा नळदुर्गावर राहत असे. ठगांवरील कादंबरीनें विलायतेंत नांव मिळविलेला तो हाच. एवढें सगळें खरें; पण पावसाळ्यांत तिकडची काळी जमीन बैलाचा पाय सोडीत नाहीं, तेथें चार टनांच्या गाडीची काय कथा! जुन्या गावठाणाकडे जाणारी वाट तर नुसती गाडीवाट. नळदुर्गचा पडदा वाहत असतां आईचें गांव मिळणार नाहीं, आणि आईचें गांव मिळेल तेव्हां नळदुर्ग कोरडा असेल. चिरंजीव थोडा वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनीं स्वतःच आपल्या यादींतून धबधबा खोडला. बेत करण्यांत माणसाची परीक्षा होते ती अशी.

मुहूर्त आईनें काढला. तुळजाभवानीची मूर्ति चल आहे. वर्षांतून तीन वेळां ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवितात. सीमोल्लंघनानंतर देवी ज्या पलंगावर निजते, तो पलंगसुद्धां पुण्या-नगरकडून गांवोगांव मुक्काम करीत दर वर्षीं तुळजापूरला येतो. आपलें अंथरूण दूरदेशाहून मागविणारी ही देवता चाकांवरच्या घराला हंसणार नाहीं, असें मला वाटतें. पौषांत शाकंभरी नवरात्राच्या आधींहि ती कांहीं दिवस निद्रेंत असते. "निजल्या देवीच्या दाराशी जाऊ नये. नवरात्र होऊ द्या, पौर्णिमेची गर्दी जाऊ द्या, मग जाऊ," असें आईनें सांगितलें. पौष वद्यांत ज्वारी हुरड्यावर असते, विहिरींना पाणी असतें, वाटा कोरड्या असतात. पंचांग आणि शेती यांनीं मिळून ठरविलेली तारीख चुकीची कशी असेल?

विहिरींचें पाणी हा गमतीचा विषय नव्हे. आमच्या गाडींतील टांकी १०० लिटरची, आणि ती रोज भरून घ्यावी अशी गाडीच्या मालकाची सूचना. पुतण्याच्या उद्यानांत त्याकरितां नळ होते. पण ज्या पट्ट्यांत उन्हाळ्यांत गांवांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथें कोणाच्या दारीं जाऊन आमचें न्हाणीघर भरून द्या, असें कोणत्या तोंडानें म्हणावें? २०१६ सालीं शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, ही गोष्ट लोक विसरलेले नाहींत. तें पाणी ज्या लोहमार्गानें आलें, तोच पूर्वींच्या बार्शी लाइटचा मार्ग. अरुंद रुळांची ती लहानशी गाडी बार्शीला १८९७ सालीं आली, १९११ मध्यें लातुरास पोंचली, आणि आईचें वऱ्हाड तिनेंच आणलें होतें. आम्हीं नियम केला कीं आंघोळी बादलीनें करावयाच्या, आणि टांकी भरावयाची ती तुळजापूरला एकदां व मामेभावाच्या घरीं एकदां. पत्नीनें न्हाणीघराच्या दाराचा प्रश्नहि असाच निकालांत काढला. "आईंना त्या दारातून आत जायचं कारणच नाही. कांबळं आडवं धरू, आणि मी पाणी घालीन," ती म्हणाली.

पहिल्या दिवसाची वाट इंदापूर-टेंभुर्णीवरून जाते. पौषांत त्या बाजूला साखर कारखान्यांचा हंगाम भरांत असतो, आणि उसाच्या फडांशेजारीं पाचटाच्या व तट्ट्यांच्या कोप्या उभ्या असतात. त्यांत राहणारीं माणसें पुष्कळशीं बीडकडचीं, आणि धाराशिवच्या भूम, वाशी, कळंब, परांडा या तालुक्यांतलीं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्याकरितां दसरा-दिवाळीनंतर नवराबायको, पोरें, भांडीं, कोंबड्या, सगळें बिऱ्हाड गाडींत घालून निघावयाचें, आणि चैत्राच्या सुमारास परत फिरावयाचें. अशा जोडप्याला त्या धंद्यांत नांव आहे 'कोयता'. माणसें दोन, हिशेबांत हत्यार एक. आमचें चाकांवरचें घर त्यांच्या जिल्ह्याकडे चाललेलें असेल, तेव्हां त्यांचें चाकांवरचें घर इकडे आलेलें असेल. बेतांत या गोष्टीला रकाना नव्हता, पण ती मनांतून जाईना.

माझी मुलगी आठवींत आहे. ती आजीला म्हणाली, "म्हणजे ते पण आपल्यासारखेच, घर घेऊन निघालेले."

"नाही बाळ," आई म्हणाली. "त्यांचं घर गावाकडं आहे. त्याला कुलूप घालून आलेत ते."

मीं पुढें कांहीं बोलावें असें उरलें नव्हतें. एवढेंच ठरलें कीं त्या भागांत थांबावयाचें तें रस्त्याच्या कडेच्या उपाहारगृहाशीं. कोप्यांपुढें गाडी उभी करून चहा उकळीत बसावयाचें नाहीं, आणि कोणाचें छायाचित्र घ्यावयाचें नाहीं.

आतांपर्यंत बेत आमच्या चौघापांचांचा होता. तो बाहेर फुटला तेव्हां खरी कसोटी लागली. वडील बंधु नाशिकला असतात. त्यांनीं दूरध्वनीवर मला तासभर धारेवर धरलें. "आईच्या या वयात, पौषाच्या थंडीत, उजाड जागी? आणि कशाला? जी जखम भरून आली आहे ती उकरायला?" बहिणीनें सापांची भीति घातली. दोघांचेंहि बोलणें मायेचें होतें, आणि मजपाशीं त्याला चोख उत्तर नव्हतें. नेहमींच्या डॉक्टरांनीं तपासून हरकत नाहीं म्हणून सांगितलें. पण डॉक्टर नाडी पाहतात, त्यापलीकडचें त्यांना कोठें दिसतें? शेवटीं आईनेंच यंत्र माझ्या हातून घेतलें. "अरे, भरून आली की नाही ते मला ठाऊक. तिथं मी जन्मले. माझा भाऊ तिथं निजला तो उठला नाही. त्याच्या उशाशी एक रात्र बसावं असं तेव्हाच वाटलं होतं, पण तेव्हा बसायला जागा नव्हती. आता तुमची ती गाडी आहे म्हणून म्हणते." बंधु पलीकडे बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं विचारलें, "गाडीत पाचवा माणूस मावतो का?"

मला वाटलें, सुटलों. पण सर्वांत अवघड गांठ पुढेंच होती. मामेभावाला कळवितांच तो आनंदला, आणि सगळा बेत ऐकून एकदम चिडला. "आत्या माझ्या गावाला येणार, आणि माझं घर असताना गाडीत निजणार? गाव काय म्हणेल मला?" मीं त्याला गाडींतल्या सोयी सांगूं लागलों. त्यानें मला मध्येंच तोडलें. "सोयी राहू द्या दादा. आत्याला अंथरूण घालायला माझ्या घरी जागा नाही का?"

मला त्याचा राग आला नाहीं. उलट, या सगळ्या खटाटोपाचा एक कच्चा दुवा त्यानें नेमका हातांत दिला. चाकांवरच्या घराचें मोठें सुख म्हणून सांगतात तें हें कीं, कोणाच्या दारीं जाऊन 'आम्हांला उतरूं द्या' असें म्हणावें लागत नाहीं. पण आमच्या मुलखांत हें सुख नव्हे, हा अव्हेर आहे. पाहुण्यानें आपलें ताट बरोबर आणिलें, तर यजमानानें काय करावें? आईच्या छकड्यालाहि तट्ट्या होता, आंत अंथरूण होतें, मागें घागर होती. तरी रात्रीं तो कोणाच्या तरी मळ्यांतच सुटत असे, आणि त्या मळेवाल्याच्या ताकावांचून तो मुक्काम झाला असें कोणी म्हणत नसे. गाडी कितीहि सुसज्ज असो, तिला उभें राहावयास दुसऱ्या कोणाची तरी जमीन लागते, आणि 'या' म्हणणारें माणूस लागतें. तेवढी एक वस्तु बरोबर नेतां येत नाहीं.

मग बेत नव्यानें मांडला. पहिली रात्र परांड्यापुढें बार्शीस, दुसरी धाराशिवास, तेथून तेर पाहून तिसरी तुळजापूरला. नळदुर्ग भर दुपारीं, कोरडा असला तरी पाहावयाचाच, आणि सांजवेळेस मामेभावाच्या दारांत. ती रात्र त्याच्या घरीं. गाडी अंगणांत रिकामी उभी राहील, आणि आई त्यानें घातलेल्या अंथरुणावर निजेल. जुन्या गावठाणाची रात्र त्याच्या दुसऱ्या दिवशीं. हें ऐकल्यावर मामेभाऊ थोडा वेळ बोलला नाहीं. दर वर्षीं ३० सप्टेंबरला तो तेथें जाऊन दिवा लावतो, फुलें वाहतो आणि अंधार पडण्यापूर्वीं परततो; रात्र त्यानें तेथें कधीं काढलेली नाहीं. शेवटीं तो म्हणाला, "मी पण येतो मग. गाडीशेजारी बाज टाकतो माझी. पुरुषमाणसं गाडीबाहेरच निजायची, आत्यानं सांगितलं नाही का तुम्हाला?"

त्यानंतर तो आमच्याहून अधिक उत्साहानें कामाला लागला आहे. गावठाणाकडची वाट त्यानें चालून मापली. गाडीची उंची विचारून घेतली, आणि वाटेवर कलंडलेल्या बाभळींच्या कोणत्या फांद्या छाटाव्या लागतील, याची यादी केली. जवळच्या शेतवाल्याशीं बोलून हुरड्याची व्यवस्था केली. त्याला पैसे विचारले, तर तो रागावला म्हणे. सर्वांत जवळचा दवाखाना कोणता आणि तेथें रात्रीं कोण असतें, हेंहि त्यानें न विचारतां लिहून पाठविलें. पुतण्याच्या आराखड्यांत जे जे रकाने होते, ते सगळे आतां आमच्याहि कागदावर भरले गेले आहेत. फक्त जागेच्या भाड्याचा रकाना मोकळा आहे. त्यांत मुलीनें आजीच्या सांगण्यावरून 'अंगारा व प्रसाद' असें लिहून ठेवलें आहे.

काल मामेभावानें शेवटचा प्रश्न विचारला. विहिरीच्या अलीकडे सपाट जागा आहे. तेथें तो ढेंकळें फोडून, खडे वेंचून गाडीपुरतें अंगण करून ठेवणार आहे. पण गाडी कोणत्या अंगानें उभी करावयाची? वारा कोणत्या बाजूनें येतो आणि खिडकी कोणीकडे असावी, याचा मी विचार करीत होतों. आईला विचार करावा लागला नाहीं. "दार पूर्वेला ठेवायला सांग," ती म्हणाली. "आमच्या घराचं दार पूर्वेलाच होतं."